ताईचा घसा, माह्यी सीट

३ जुलै, गुरुवार

मोबाइल फेकून मारला आज. भिंतीले लागला, काच तडकली, तरी तडकलेल्या काचेतून तेच दिसून राह्यलं — म्हैसूर, प्रतीक्षा यादी, क्रमांक सात. महिना होत आला, सात तो सातच. पुढच्या सहा जणींपैकी एकीचं लग्न नाही होत, एकीचा पाय नाही मोडत! वाईट विचार आहे. पण इथं कोण वाचते, खोटं कायले लिहू.

नागपूरच्या एका नव्या कॉलेजनं सीट देली आहे. पण मले म्हैसूरच पाहिजे. वाचा-भाषेचं पुढचं शिक्षण घ्याचं तर तिथंच, असं आमच्या सगळ्या मॅडम सांगत. बाबा म्हणते, "बोलाले शिकवाची पदवी असते का वं? तुह्या आईले कोणी शिकवलं? थांबते का ती?" आमच्या मुकुटबन गावात मले मुक्यायची डाक्टरीण म्हणते. म्हणा. एकेकाचा जबडा मोडून मंग मोफत इलाज करते.

५ जुलै, शनिवार

ताई आली आखाडीले. लग्नानंतरची पहिली आखाडी, या महिन्यात नवी सून सासरी ठेवत नाही. मंदार भाऊजीनं गाडीनं आणून सोडलं, चहाही पूरा घेतला नाही. वणीले त्याहिचे ट्रक चालते, सदा घाई.

ताईचा आवाज पार बसला आहे. खरखर, आन मधूनच नुसती हवा. "मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला," म्हणे. आईनं हळद टाकून दूध देलं. मी म्हटलं, हटा, घरात पदवीधर बसली आहे. ताईले समोर बसवून लांब "आ" म्हणाले लावलं. दम टिकत नाही, आवाज मध्येच फाटते. मी ऐटीत निकाल देला — आवाजाले पूर्ण आराम. आखाडी संपेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजाचंही नाही, त्यानं जास्त ताण येते. मान हलव, हात हलव, बस.

भाऊजीलेही फोन करून सांगतलं. लय खूश झाला. "वा डाक्टरीणबाई. बिलकुल बोलू देऊ नका तिले." आईले मी म्हटलं, पाह्य, जवाई किती समजदार भेटला.

८ जुलै, मंगळवार

सहा! एक गेली. ताईले सांगतलं तर तिनं टाळ्या वाजवल्या. मुकी ताई बरी आहे, भांडत नाही. एवढ्या गर्मीत गळ्याले ओढणी गुंडाळून फिरते, मी म्हटलं काढ, तर नाही म्हणून मान हलवते.

११ जुलै, शुक्रवार

ताईनं मले मारलं. नाक सुजून वांगं झालं, उजव्या हाताचं बोट वळत नाही. लिहाचं मात्र आहे.

दुपारी ती तुरीची डाळ निवडत बसली होती. गळा तपासाची आमची एक रीत आहे. माणसाच्या मागं उभं राह्याचं, गळ्याच्या उंचवट्यावर दोन्हीकडून हलके बोटं ठेवाचे आन गिळ म्हणाचं. तो उंचवटा वर-खाली नीट होते का ते बोटांले समजते. कॉलेजात रोज करत होतो आम्ही. पेशंटले आधी सांगून, हे मात्र पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मी न सांगता मागून जाऊन वाकली. बहीणच तर आहे.

बोटं लागली मात्र, तिनं डाळीचा डबा उचलून मागं हाणला. माह्या नाकावर. मी पडली तर उठून लाथा. पोटात, हातावर. डोळे माह्यावर होते पण ती मले पाहून नव्हती राह्यली. मी "ताई, ताई" करत होती आन ती मारत होती, आन तोंडातून नुसती हवा. मंग तिनं मले ओळखलं. डाळीतच बसली.

ओढणी सुटली होती. कानाखाली एका बाजूनं चार डाग, दुसऱ्या बाजूनं एक मोठा. पिवळे-हिरवे. मी माहे बोटं त्याच्यावर ठेवून पाह्यले, या वेळी विचारून. माहे बोटं लहान पडले.

मी विचारलं, "काहून नाही सांगतलं मले?"

ताई म्हणाली, तुटत तुटत, "तूच म्हटलं ना, बोलू नको." आन सांडलेली डाळ गोळा करत, "बरंच वाटलं मले. कोणी काही विचारलं नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणते. बुक्क्या त्यानं मारल्या. तोंड दाबाचं काम मी केलं, पदवी घेऊन. आन वरून त्याले फोन करून सांगतलं. तो किती हसला असन त्या दिवशी. मले माह्येच केस उपटावे वाटून राह्यले.

१२ जुलै, शनिवार

घरात सांगतलं. आईनं ताईच्या गळ्याले हात लावला आन पदर तोंडात कोंबला. मले वाटलं आता उठन, आता बोलन. ती बोलली ते हे — "नवं नवं आहे. राग येते माणसाले. दोन लेकरं झाले का निवते." कणकेची परात होती समोर, मी अंगणात भिरकावली. आईनं मले चपराक मारली, सुजल्या नाकावरच. "तू म्हैसूरले जा, तिकडचं पाह्य. हिचा संसार मोडू नको. तुह्यंही लग्न व्हाचं आहे."

बाबा बैल जुंपून शेतात डवरणीले, तण काढाले, निघून गेले. संध्याकाळी आले तर बैलाच्या पाठीवर वळ उठले होते. आमच्या बाबानं जन्मात बैलावर हात उचलला नाही. स्वतःच हळद-तेल लावत बसले त्याले. म्हणाले, "आखाडी सरली का मंदार येईन न्याले. तवा बोलू समोरासमोर." 

काय बोलतीन? बैलाले मारून आले, तिथंच समजलं मले.

१४ जुलै, सोमवार

वणीले घशाच्या डॉक्टरकडे नेलं ताईले. बाबा गाडी घेऊन आले, आत मात्र आले नाही. नाकातून कॅमेरा टाकला. डावीकडची स्वरतार ढिली पडली आहे, दोन्ही जुळत नाही म्हणून हवा निसटते. डॉक्टरनं विचारलं, काय झालतं? ताई म्हणाली, "ठसका." मी म्हटलं, गळा दाबला नवऱ्यानं. डॉक्टरनं पेन खाली ठेवला, ताईकडे पाह्यलं. ताईनं मान हलवली, हाव म्हणून. मंग त्यानं सारं कागदावर घेतलं. जीव वाचला हेच मोठं, असं म्हणाला. आरामाचं मी सांगतलं ते चूकच होतं, ढिल्या तारेले आराम नाही, जोर पाहिजे. 

परत येताना कोळशाच्या ट्रकमागं अर्धा रस्ता अडकलो. ताईनं प्रत्येक ट्रकचा नंबर वाचला. त्याचा असन तर, म्हणून.

१५ जुलै, मंगळवार

व्यायाम सुरू केला. कोठ्यात, म्हशीमागच्या भिंतीपाशी. दोन्ही तळवे भिंतीले, कोपरं सरळ, पोटातून दम घेऊन भिंत ढकलाची, आन ढकलतानाच मोठ्यानं "आ". जोर लावला का स्वरतारा आपोआप जुळते. ताईचा पहिला "आ" मांजरीच्या पिल्लाएवढा. मी म्हटलं, भिंत नाही ते, मंदार आहे.

दुसरा बरा आला.

१७ जुलै, गुरुवार

आज दोघीही ओरडलो. तिच्या बाजूले उभी राहून मीही ढकलते, मलेच जास्त गरज आहे. तळवे सोलले माहे. म्हैस दावं तोडून पळाली, गल्लीतली रुपीबाई कुडावरून डोकावून म्हणे, "पोरींले भूत लागलं का वो इंदूबाई?" आई म्हणाली, "अभ्यास आहे तिचा." ताई हसली. हसताना आवाज निघाला, जुना, आमच्या ताईचा. मी म्हशीमागं पळाली म्हणून बरं, नाही तर रडली असती.

१९ जुलै, शनिवार

म्हैसूर! यादी सरकली, एकदम पाच-सहा जागा सुटल्या, माह्यं नाव आलं. अठ्ठावीसले सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हाचं, नाही तर सीट पुढच्या पोरीले.

पाच मिनिटं नाचली. मंग ताई दिसली, म्हशीचं शेण उचलत होती. मी गेली का हे लोक तिले गाडीत बसवून देतीन. बाबा हात जोडतीन, आई डोळे पुसन, आन ती जाईन. नागपूर घेतलं तर शनिवार-रविवार घरी राहू शकते मी, बोंबलू तरी शकते. ताईले म्हटलं, मी नागपूरचंच घेते.

शेणाच्या हातानं तोंडात मारली तिनं. "माह्यं नाव पुढं करून कमी घेऊ नको." पूरं वाक्य बोलली, कुठंही न फाटता. पंधरा दिवसात पहिलं.

गाल अजून चरचरून राह्यला. तिकीट काढलं, शनिवारचं, बल्लारशाहून.

२४ जुलै, गुरुवार

आखाडीचा शेवटचा दिवस. आला तो. पेढे घेऊन.

ओट्यावर बसला, बाबानं पाणी देलं. बाबा म्हणाले, "पोरीचा गळा..." आन थांबले. तो म्हणाला, "ठसक्याचं ना? बरं झालं असन आता. चला, ट्रक खाली व्हाचे आहे माहे." बाबा खाली पाहाले लागले. बैलच आठवला मले. तेवढ्यात ताई दारात आली, गळा उघडा, ओढणी नाही. "मी येत नाही." मोठ्यानं. शेजारी ऐकू गेलं असन.

तो हसला माह्याकडे पाहून. "डाक्टरीणबाईनं बंद केलती ना हिची टेप?" उठला आन बापासमोर, मायसमोर तिचा गळा धरला. दाबला नाही, नुसता धरला, पोटलीचं तोंड धरल्यासारखा. "पुन्हा म्हण." बाबा काठी घेऊन उठले, आई मधात पडली, कोणाच्या तरी हातून पेढे सांडले. त्यानं सोडलं. म्हणाला, "ठेवा. दोघीले ठेवा घरात, लोणचं घाला. पाहू या डाक्टरीणबाईले आता कोण बायको करते."

बूट घातले. ओट्याच्या काठावर उभा, पाठ माह्याकडे. तो जाऊन राह्यला होता. गळा सोडलेला होता. हे खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

दोन्ही तळवे, कोपरं सरळ, पोटातून दम. मी ढकललं त्याले.

खाली ट्रॅक्टरचा नांगर पडला होता. तोंडावर गेला तो. जबड्याचा आवाज झाला, वाळलं लाकूड मोडल्याचा. रक्त, दोन दात, आन पेढे. बाबानंच त्याले गाडीत टाकून चंद्रपूरले नेलं. मले एक क्षण फार बरं वाटलं. तेही खरं आहे.

२५ जुलै, शुक्रवार

पोलीस आले. मंदारचा जबडा तारेनं बांधला आहे, बोलता येत नाही, आन मागून कोणी ढकललं हे त्यानं पाह्यलं नाही. साहेबांनी अंगणात उभं राहून विचारलं, "कोणी ढकललं?"

मी. जी गल्लीत सगळ्यायसंग भांडते, जिनं मोबाइल फोडला, परात फेकली. माह्यं तोंड उघडलं. डोळ्यासमोर अठ्ठावीस तारीख आली, मूळ कागदाची फाइल आली. एवढ्यात पोलीस केस झाली तर कोण घेईन मले? आवाज निघाला नाही. हवाच गेली.

ताई म्हणाली, "मी. त्यानं गळा धरला, मी ढकललं." स्वच्छ आवाज. माह्या व्यायामाचा आवाज.

तिले ठाण्यात घेऊन गेले, बाबा संग गेले. आईनं माह्याकडे पाह्यलं. तिनं ओट्यावरून सारं पाह्यलं होतं. म्हणाली, "बॅग भरून ठेव." एवढंच.

भरली मी. भरलीच.

२६ जुलै, शनिवार. बल्लारशा.

गाडी आली, थांबली, गेली. मी बाकावरच. आता वणीची बस पाहाची, आन तिथून ठाण्यात. एकच शब्द सांगाचा आहे. फलाटाच्या भिंतीले हात टेकवून म्हणून पाह्यला. पहिल्या खेपेले नुसती हवा गेली. दुसऱ्या खेपेले निघाला — "मी." एक हमाल वळून पाहाले लागला.