आतली कडी

माननीय तपासणी अधिकारी साहेब,

आधारगृहातल्या प्रत्येक खोलीला आतून कडी हवी, हा तुमचाच नियम ना? तिथे राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तुम्हाला ती पुन्हा पुन्हा लावून दाखवली. पस्तिशीचा माणूस, पण समज लहान पोराची. तुम्ही हसून "शाब्बास" म्हणालात आणि परवाना देऊन टाकलात.

तुमची गाडी फाटकाबाहेर पडली नाही तोच व्यवस्थापकाने स्क्रू-ड्रायव्हर काढला. "कुणी आत कोंडून घेतलं तर निस्तरायचं कुणी?" म्हणाला, आणि सगळ्या कड्या पिशवीत भरल्या. आता दाराला नुसती भोकं उरलीत. रात्री खोलीत कोण येतं असं विचारलं, की भाऊ भिंतीकडे तोंड फिरवतो.

तक्रार केली तर तुम्ही परवाना रद्द कराल, आधारगृहाला टाळं लागेल. मग त्याला नेऊ कुठे? आमचे हे सरळ म्हणतात, "तो इथे आला तर मी चाललो." म्हणून हे पत्र माझ्या पर्समध्येच राहणार. तुमचा नियम मात्र झकास आहे हो!

काल निघताना भावाने माझा हात धरला. "ताई, ते साहेब परत कधी येणार? ते आले की कडी येते."

तुमची वाट बघणाऱ्याची,
ताई