तुझ्या ताटातलं, माझ्या पोटात

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहितो हो. घालायला गेलो तर हल्ली जमिनीला आधी पोट टेकतं.) तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. तू "बरी आहे" म्हणणार आणि भाची फोनवर सांगणार की भावोजी गेल्यापासून तू दोन घास खाऊन उठतेस. त्याचं मागाहून बघतो. आधी माझं ऐक, माझं डोकं फिरलंय.

मी पडलो शिंपी. पँट घट्ट झाली की उसवायची, आत दुमडलेली जादा कापडाची माया सोडायची, वर टीप मारायची. (दुसऱ्याला नवी पँट शिवावी लागते, म्हणून त्याला कळतं तरी.) वीस वर्षं मी वाढतोय याचा मला पत्ताच नाही! परवा शाळेच्या मोठ्या बाईंचं माप घेताना खडू उचलायला वाकलो आणि पँट मागून टर्रकन फाटली. सोडायला माया उरलीच नव्हती. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आधी स्वतःचं माप घ्या." बायकोने तडक डॉक्टरकडे नेलं. त्याच्या टेपने कंबर चव्वेचाळीस भरली. मी म्हटलं, तुमची टेप चुकीची आहे, आणि ऐटीत खिशातली माझी काढली. सेहेचाळीस! मग तो सांगत बसला की लहानपणी फार खाल्लं की अंगातल्या चरबीच्या पेशी संख्येनेच वाढतात. पुढे उपाशी राहा, त्या बारीक होतात, पण जात काही नाहीत. पुन्हा खाल्लं की फुगायला टपलेल्याच.

म्हणजे हा सगळा उद्योग तुझा! ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही हा आईचा कायदा, आणि तिची पाठ वळली की तू अर्धं जेवण माझ्या ताटात ढकलायचीस. मी गाढवासारखा गिळायचो. आता डॉक्टर म्हणतो, निम्मं ठेवून उठा. अगं, उठवतच नाही! आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं ताट लख्ख. बायको कपाळाला हात लावते. वैताग आलाय नुसता.

तुझ्याच कृपेने लठ्ठ,
धाकटा

ता. क. : पुढच्या खोलीतलं मशीन हलवून तुझा पलंग टाकलाय. रविवारी न्यायला येतो. जेवायला माझ्या शेजारी बसायचं. आता ढकलणार मी, आणि ताट स्वच्छ केल्याशिवाय तुला उठू देणार नाही.

आणखी एक : भाचीने तुला सैल झालेले कपडे शिवणीत आत घ्यायला पाठवलेत. एकाही शिवणीला मी हात लावलेला नाही.