सुई काय म्हणते

९ जाने. ९५, सोम.

आज काजळी बिघडवली. कागद रॉकेलच्या चिमणीवर सारखा फिरवायचा, सगळीकडे एकसारखी काळी साय बसली पाहिजे, असं कॉलेजचे सर यंत्र बसवताना दोनदा दाखवून गेले होते. मी गप्पा मारत फिरवला. एका कडेला जाड, दुसरीकडे नुसता तपकिरी. तरी भूकंपमापकाच्या ड्रमवर चढवल्यावर सुईने त्यातून पांढरी रेघ व्यवस्थित ओढली. शहाणी सुई. मी बावळट.

हात, नाक, ओढणी, सगळं काळं. जेवायला गेले तर हिरामावशी (यापुढे हि.मा.) म्हणाल्या, "मॅडम, शिकाया आल्या का कोळसा इकाया?" त्यांचे मालक रामदासकाका हसून हसून ठसकले. भाकरी-पिठलं. वर तिसरी भाकरी, न विचारता.

फील्डबुक इंग्लिशमध्ये ठेवते, हे मराठीत. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली तरी घाबरल्यावर मराठीच सुचतं. आणि मी घाबरलेय. थोडी. बस, लिहून टाकलं.

१० मंगळ.

पहाटे दोन धक्के. खालून ट्रक गेल्यासारखं गुरगुरतं, मग खाट हलते, मग कुत्री. पातेल्यांवरची झाकणं आधी वाजतात, माणसं नंतर उठतात.

गाव दिवाळीपासून बाहेर झोपतंय. अंगणात, खळ्यात, प्लास्टिकच्या कागदाखाली. घरं दगड-मातीची आणि वर हात-दीड हात मातीचं धाबं. किल्लारीचे फोटो सगळ्यांनी पेपरात बघितलेत. धाबं काय करतं ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पत्र्याची खोली एकच, शाळेचं स्टोअर. ती मला दिलीय. आत यंत्र आणि माझी खाट, मागे खड्ड्यात सेन्सर पुरलेला. जवळून कुणी नुसतं चाललं तरी सुई नाचते. म्हणून भोवती दोरी बांधलीय आणि दिवसभर पोरांवर ओरडते. पोरं मला दोरीवाली बाई म्हणतात. एम.एस्सी. जिऑलॉजी, फर्स्ट क्लास!!

१२ गुरु.

हि.मां.ची मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. एकोणीस वर्षांची. मुलगी झाली, बारसं व्हायचंय, तोपर्यंत सगळे तिला चिमणी म्हणतात. खळ्यात प्लास्टिकखाली मायलेकी. सकाळी कागदावर दव असं साचतं की मंगल ते पेल्याने काढून टाकते. चिमणीच्या छातीत घरघर. वणीचे डॉक्टर म्हणाले, गारठ्यात ठेवलं तर न्यूमोनिया होईल, आत ठेवा.

हि.मा. संध्याकाळी दोरीपाशी येऊन उभ्या. आत नाही आल्या, दोरी मानतात.

"मॅडम, नेऊ का दोघींना घरात? तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

त्यांच्या खांद्यावर चिमणी. ओठ निळसर वाटले मला. दोन दिवस एकही धक्का नव्हता.

"न्या मावशी. काही होत नाही आता."

एवढंच बोलले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१४ शनि. संक्रांत

चिमणीची घरघर कमी. मधल्या घरात गोधड्या, धुरी, ऊब. मंगल पहिल्यांदा नीट झोपली म्हणे.

रामदासकाकांनी यंत्राच्या पेटीवर तिळगूळ आणून ठेवला. "गोड बोल म्हनावं धरनीमायला. दिवाळीपासून नुसती थरथरतीया." मी पटकन खाऊन टाकला, मुंग्या आल्या तर रेकॉर्डचं वाटोळं.

पण एक झालंय. आणखी तीन घरं आत झोपायला गेली. "मॅडमनी सांगितलं" असं सगळीकडे. कुणाला सांगितलं मी?? गुरुजी पण विचारत होते, "बाई, मग वर्ग आत भरवू का?" मी हसले. ते "बरं" म्हणून गेले. इथे हसलं की होकार धरतात हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं. माहीत होतं बहुतेक.

१६ सोम.



प्रत्येक धक्क्याच्या दोन लाटा. पी पळत पुढे येते, एस मागून जड पायांनी. वीज आणि गडगडाटासारखं, मधला वेळ जितका कमी तितकी वीज जवळ. आल्यापासून या दोघी रेघेवर सुट्या सुट्या दिसायच्या, मध्ये चांगली जागा. आजच्या कागदावर मध्ये जागाच नाही. पी उठते न उठते तोच एस तिच्या पाठीवर.

खरं लिहायचं तर आधी आनंदाने ओरडले. इतक्या जवळचा रेकॉर्ड! सर उड्या मारतील. पेपर होईल, त्यात माझं नाव असेल.

मग खिडकीतून समोर बघितलं. मंगल ओसरीत बसून पोरीला तेल लावत होती. जवळ म्हणजे कशाच्या जवळ, ते तेव्हा कळलं.

१७ मंगळ.

वणीला जाऊन एसटीडी. रांग. आधी सर.

"एक्सलंट! एकही कागद वाया घालवू नकोस. पुढचे आठ दिवस सोन्याचे आहेत."

"सर, मोठा येईल का?"

"हे तू विचारतेस? बहुतेक वेळा असे छोटे येतात आणि बंद होतात. कधी तरी होत नाहीत. कोण सांगणार?"

"मग लोकांना काय सांगू?"

"काही नाही. वी डोन्ट प्रेडिक्ट. तू काही सांगितलं नाहीस ना?"

"नाही सर."

मग घरी, नाशिक रोडला, शेजारच्यांच्या फोनवर. आई धापा टाकत आली. "बाबा प्रेसमधनं सुट्टी काढतात, येऊ का न्यायला? त्या दगडांपेक्षा तुझं लग्न तरी..." इथे सगळं मस्त आहे, म्हटलं. थंडी छान आहे, म्हटलं.

बूथवाला म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?" म्हणजे चेहरा कसा झाला असेल.

परतीच्या गाडीत पुन्हा पुन्हा तेच. काही होत नाही आता. काही होत नाही आता. हे मी कुठल्या चॅप्टरमध्ये शिकले?

१८ बुध.

गेले सांगायला. पाठ करून गेले होते, सगळं विसरले.

"मावशी, मंगलला परत बाहेर काढा."

"आँ? का वो? यंत्र काय म्हनलं?"

"यंत्र काही म्हणत नाही. ते पुढचं सांगत नाही. झालेलं लिहितं फक्त."

हि.मा. भाकरी थापायच्या थांबल्या. "झालेलं तर आमाला बी कळतं की. झाकनं वाजत्यात. मग ते ठेवलं कशाला?"

काय सांगू? पुढे कधी तरी, खूप रेकॉर्ड जमले की... असं काहीतरी बोलले. मलाच पटलं नाही.

"गुरुवारी म्हनल्या आत न्या. आज म्हनता बाहेर काढा. पोरगी आत्ता कुठं बरी व्हतीया. गारठ्यानं मेली तर ते काय कमी मरन हाय?" रागाने नाही बोलल्या. तेच वाईट.

रामदासकाका: "आगं, मॅडमला घरची आठवन येतीया. लय दिस झाले. जेवू घाल त्यांना."

मंगलच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीत भेग. जुनीच हाय, म्हणाल्या. असेल. पण भेगेवर कोळ्याचं जाळं होतं, आणि ते मधोमध ताणून फाटलं होतं. दोन्ही कडांना अर्धं अर्धं. जाळं काही जुनं नव्हतं.



१९ गुरु.

दिवे लागायच्या वेळी आला. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. पत्रे एकदम वाजले, मी दाराला धरून उभी. ओरडले का नाही आठवत नाही. संपल्यावर यंत्राकडे न बघता पळाले. पहिल्यांदाच.

हि.मां.चं घर उभं होतं. आत धुरळा, काही दिसेना. मंगल पोरीवर पालथी झालेली, कोपरं टेकून, पाठीवर आणि केसांत धाब्याची माती. मुठीएवढी ढेकळं खाली पडलेली. पोरगी तिच्या पोटाखाली जागी. रडत पण नव्हती.

मंगलने मान वर करून मला बघितलं आणि हसली. माझ्यासाठीच हसली.

"काय नाय झालं मॅडम. तुमी म्हनल्या व्हत्या ना, काय व्हत नाय."



नंतर

पत्र्याची खोली. पत्रा पडला तरी माणूस वाचतं. भिंती विटांच्या, कमी उंचीच्या. वारा येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी स्वतः रोज तिथे निवांत झोपते!

पण बाळंतीण आली की माणसं येणार. पाणी, शेक, ये-जा, पोरीला घेऊन फेऱ्या. सगळं सुई लिहिणार. सोन्याचे आठ दिवस. सेन्सर हलवायचा तर पुन्हा खणणं, बसवणं, आणि ते मला एकटीला येत नाही.

सर काय म्हणतील ते माहीत आहे. म्हणून विचारायला वणीला जात नाहीये.

२० शुक्र.

सकाळीच गेले. या वेळी यंत्राचं नावच काढलं नाही.

"मावशी, मंगल आणि चिमणी माझ्या खोलीत राहतील. आजपासून."

"आन तुमचं यंत्र?"

"राहील एका कोपऱ्यात."

"दोरी वो?"

"दोरी काढा काका."

रामदासकाकांनी माझ्याकडे बघितलं, एकदाही चेष्टा केली नाही. दोरी सोडली, नीट गुंडाळली, खुंटीला लावली. पोरं लांब उभी. त्यांना वाटलं ट्रॅप आहे.

माझी खाट मंगलला. मी खाली. पोतीबिती लावून फटी बुजवल्या. काजळी करायचं काम आता पार चिंचेखाली, पोरीला धूर नको. हि.मां.नी यंत्राला हात जोडले आणि पलीकडे तेलाची वाटी ठेवली.

पोरीचं बोट पकडलं. म्हणजे तिने माझं. काळं झालं तिचं.

२१ शनि.

कागद बघवत नाही. रेघ कुठे आहे तेच शोधावं लागतं.

त्याहून वाईट बाहेर. मंगलला हलवलेलं गावाने बघितलं. दुपारपर्यंत बातमी अशी: सुईने सांगितलं, मोठा येणार, म्हणून मॅडमनी हिराबाईच्या लेकीला काढलं. सगळं गाव पुन्हा बाहेर. खाटा, डबे, म्हातारी माणसं, कोंबड्यांचे खुराडे. गुरुजींनी वर्ग पटांगणात आणला. मी सांगत फिरले, सुईने काही सांगितलं नाही, तरी बाहेर झोपा. एक जण म्हणाला, "म्हंजी सांगितलंया. सरकारनं बोलू नका म्हनलं असंल." जितकं नाही म्हणावं तितकं त्यांना हो ऐकू येतं.

वरच्या आळीतली एक बाई, दोन पोरं कडेला, मोठ्याला खोकला. "आमच्यास्नी का नाय खोली? हिराबाईच्या घरी जेवता म्हनून?"  तिच्या दोन्ही पोरांना आत घेतलं. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि बाहेर बाकीची पोरं आहेत.

आत न्या म्हणाले तेव्हा ते भाकीत होतं. आता तोंडाने नाही बोलले, तरी झालंच.

मोठा आला नाही आणि एखादं पोर थंडीने गेलं तर? आला आणि... नको.

गुरुजींनी सरांना ट्रंककॉल केला होता. सर उद्या येतायत.

२२ रवि.

दुपारच्या एसटीने येतील. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय. काय दाखवणार?

आता थोडं वाचता येतं. जाड, सावकाश उड्या म्हणजे हि.मा. बारीक, सारख्या अंतरावर, न थांबता, म्हणजे मंगल पोरीला घेऊन फेऱ्या मारतेय. मोठ्या पोराच्या खोकल्याने सुई हलत नाही, पण तो खोकला आला की त्याची आई बाहेरून उठून येते, ते दिसतं. या सगळ्यात एक खूण मात्र कुणाचीच वाटत नाही. एकदम टोकदार सुरू, आणि लगेच जाड, सोमवारच्या कागदासारखी.

"काका, पहाटे इथे हंडा ठेवलात का?"

"ठेवला असंल. कवा ठेवत नाय?"

"जोरात?"

"मॅडम, हंडा हाय तो. फूल नाय."

म्हणजे हंडाही असेल. दोरी असती तर कळलं असतं.

चिमणीची छाती मोकळी आहे. हे लिहून ठेवते. आज छाती मोकळी आहे. सर विचारतील तेव्हा आधी हे सांगीन. ते ओरडतील, मग सेन्सर लांब न्यायला सांगते. त्यांना येतं ते. आणि गावासमोर त्यांनी स्वतः बोलावं. मी बोलले की...

सुई हलायला लागलीय.

एसटी असेल. एसटी वळणावर आली की अशीच आधी बारीक हलते, मग वाढते. वेळ पण झालीय. हॉर्न ऐकू आला नाही, पण ड्रायव्हर दर वेळी वाजवतोच असं नाही.

वाढतेय.

मंगलने पोरीला छातीशी घेतलंय. हि.मा. दारात उभ्या, एक पाय आत, एक बाहेर. माझ्याकडे बघतायत.

"मॅडम, गाडीच ना?"

मी अजून काही म्हटलेलं नाही.