मेघनावहिनीच्या मेलेल्या लिंका

३ फेब्रुवारी, सोमवार

ही रोजनिशी एक जानेवारीला सुरू होणार होती. वही तेव्हाच आणली. पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा मूड नव्हता. आजही नाही, तरी लिहितोय. यालाच डिसिप्लिन म्हणतात.

कामच तसं आलंय. मेघनावहिनीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून वहिनी महिनाभर गिरगावात माहेरी राहणार. तिची एक वेबसाइट आहे, मालवणी जेवणाची. घावन कसे घालायचे ते लिहायचं आणि खाली बिडाच्या तव्याची लिंक द्यायची. लिंकवरून कोणी तवा मागवला की शॉपिंग कंपनी वहिनीला कमिशन देते. आता कंपनीने जुना माल काढून टाकला, त्यामुळे अर्ध्या लिंका मेल्यात. दाबलं की ‘पान सापडत नाही’. फेब्रुवारी संपायच्या आत दुरुस्त करा, नाहीतर खातं बंद, असं कंपनीने कळवलंय.

वहिनी म्हणाली, भाऊजी, सोप्पं आहे. एकेक लिंक उघडायची, मेलेली असली तर तसाच दुसरा माल शोधायचा, माझ्या खात्यातून त्याची लिंक बनवायची आणि जुनीच्या जागी टाकायची. मी म्हटलं, वहिनी, तू गुडघ्याकडे बघ, साइट माझ्यावर सोड.

मग म्हणाली, बँकेतली नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हापासून माझे बाबा आपल्या घरी आलेले नाहीत. हे बंद पडलं तर त्यांचंच खरं होईल. हसत म्हणाली. मी पासवर्ड लिहून घेतला.

तीन दिवसांचं काम. दोनमध्ये संपवीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

पहिली लिंक उघडली. बिडाचा तवा. मेलेली. दुसरा शोधायला बसलो. फार तवे आहेत जगात. मग जाणवलं, मी आयुष्यात बिडाचा तवा हातात धरलेला नाही. न धरता लोकांना घ्या म्हणायचं? आई म्हणाली, चुलीर आसा तो काय मग? पण तो आईचा. मार्केट रिसर्च वेगळा.

म्हणून लालबाग मार्केटला गेलो. मसाल्याच्या गल्लीत शिंका सुरू झाल्या, म्हणून उलटा वळलो. चालत चालत भायखळा आलं. राणीबागेत पेंग्विन बघितले. उभे होते. मीही उभा राहिलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

पायांना विश्रांती. वहिनीचा फोन. कुठवर आलं, भाऊजी? म्हटलं, ग्राउंडवर्क चालू आहे. म्हणाली, बाबा रोज विचारतात, तुझ्या त्या तव्यांचं काय झालं म्हणून. म्हटलं, सांग त्यांना, फुल स्पीड.

सोमवारपासून पहाटे उठायचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवार गेला. आज मात्र सलग बसलो. शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, साच्याची लिंक. साचा चांगला कोणता ते कळावं म्हणून व्हिडिओ लावला. त्यानंतर आपोआप दुसरा लागला, एक माणूस मालवणहून गोव्याला समुद्राच्या कडेने चालत निघालाय. तो पोचेपर्यंत बघितला. आपणही जायचं ठरवलं. त्यासाठी बूट शोधले. बुटांची लिंक व्यवस्थित उघडत होती. म्हणजे कंपनीचं काम तसं चांगलं आहे.

आई म्हणाली, मेल्या, लिंक जोडतंस की लग्ना जुळवतंस?

कामाच्या वेळी बोलू नये.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. आज कोणी कामाचं विचारू नये.

चाळीच्या मंडळात होतो. राजरत्न आमचा सेक्रेटरी. त्याने सकाळी ग्रुपवर टाकलं, हार तू, स्पीकर तू, सरबत तू. तासाभरात सगळं उभं. तिथेच डोक्यात आलं, आपण एकटे का मरतोय? लिंका सार्वजनिक पद्धतीने करायच्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रात्र.

मोठा दिवस.

ग्रुपवर टाकलं, प्रत्येकाने एक रेसिपी घ्या, खालच्या लिंका दाबा, उघडत नसेल ती कळवा. राजरत्न म्हणाला, अव्या, ज्याच्या त्याच्या घरी कशाला, मंडळाचा वायफाय काय आरतीला ठेवलाय? सगळ्यांना ऑफिसात बसवलं. कॅरम बंद केला. वहिनी म्हणजे चाळीची सून, तेव्हा एकेक रेसिपी कोण घेतंय? प्रत्येकाने सगळ्याच दाबल्या. मग राजरत्नने माइक घेतला, वहिनींसाठी अजून एकदा! परत दाबल्या. वडापाव झाले. परत दाबल्या.

रिपोर्ट ग्रुपवर आले. अंगठेच अंगठे. आमच्या ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी टाकली तरी आधी अंगठा येतो, हे खरं. पण एकाचीही तक्रार नाही. याचा अर्थ लिंका सुधारल्यात. वापर नसला की नळही अडतो, वर्दळ झाली की वाहतो.

वहिनीला कळवलं, काम झालं. रविवारी निवांत ये, २ तारखेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचा मेल. साइटच्या मेलबॉक्सात, तो सध्या मीच उघडतो. एकाच ठिकाणाहून एका संध्याकाळी हजारो खोटे क्लिक आले, लिंका होत्या तशाच मेलेल्या आहेत, सबब मेघनावहिनीचं खातं कायमचं बंद.

आडवा पडून वाचला. मग पंख्याकडे बघत होतो. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

संध्याकाळी कंपनीला समजावून सांगायला बसलो. ‘रिस्पेक्टेड सर, मंडळ इज’ इथपर्यंत आलो. पुढे काय ते सुचेना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपाशीपोटी इंग्रजी लिहू नये.

खिचडी खाताना वहिनीचा फोन. शनिवारी तिने कंपनीच्या ॲपवर क्लिकचा ग्राफ बघितला, सरळ आभाळात गेलेला. भाऊजी, काय जादू केलीत? बाबांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग स्वतःच्या मोबाइलवर पाठवायला लावला. शेजाऱ्यांना दाखवतायत.

मग म्हणाली, कालपासून ॲप मला आत घेत नाही, पासवर्ड बदललात का? म्हटलं, हो, सिक्युरिटी. म्हणाली, किती ओ बघता तुम्ही.

रताळं तसंच राहिलं. उद्या सांगायचं. स्पष्ट.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगण्यासारखं वातावरण नव्हतं. ऊन फार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

फोन लावला. खरंच लावला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. म्हणजे आज नको, असाच संकेत. रविवारी समोरासमोर सांगू. समोरासमोर माणूस समजून घेतो.

आईने विचारलं, तोंड असा कित्या झाला? म्हटलं, तोंड असंच आहे.

खालून राजरत्न ओरडतोय. अव्या, टॅक्सी आली रे, वहिनी आल्या! आज? आमच्या दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून वाकून बघितलं. वहिनीच. हातात पेढ्यांचा पुडा, आणि चौकात उभ्या उभ्याच वाटायला लागलीय. एकटी नाही. टॅक्सीच्या दुसऱ्या दारातून तिचे बाबा उतरलेत. इस्त्रीचा शर्ट.

आई पदर सावरत दाराकडे धावली. मी परत आत येऊन बसलोय, एवढं लिहून होईल म्हणून.

जिन्यापाशी थांबून ते मोठ्याने विचारतायत, आमच्या मेघनाचं ऑफिस कितव्या माळ्यावर?

दुसऱ्या, असं कोणीतरी सांगितलं.