फुकटच्या खोलीचं भाडं

आई,

झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच "पुढचं सांग की" म्हणायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

१. तीन महिन्यांपूर्वी मी पुण्याची नोकरी सोडून कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून आले. कायमचा करार या शुक्रवारी व्हायचा आहे.
२. तेव्हापासून मी अकरा घरं बघितली.
३. रुग्णालयाने तिसऱ्या मजल्यावरची एक खोली देऊ केली. भाडं नाही, विजेचं बिल नाही.
४. मी ती खोली बघितली आणि नको म्हणाले.
५. सोमवारी माझ्या अटी लेखी दिल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर मागितलं. त्यांनी नाही म्हटलं तर नोकरी जाईल.

पुण्यातले सहकारी म्हणायचे, कोल्हापुरात पगार कमी असला तरी बिघडत नाही, तिथे पैसे संपतच नाहीत. दूध, भाजी आणि खानावळीपुरतं ते खरं आहे. घराचं वेगळं आहे. नागाळा पार्कात एका मालकांनी एजंटाला एक भाडं सांगितलं होतं. मी काय करते ते त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हटल्यावर खुर्ची आली, चहा आला आणि भाडं चार हजारांनी वाढलं. "डॉक्टर लोकांस्नी चार हजार म्हंजे काय हो, दोन पेशंट जास्त तपासायचं, झालं." मी सांगितलं की मी पेशंट तपासत नाही, ऑपरेशनच्या वेळी भूल देते. ते मनापासून म्हणाले, "मग तर लई सोपं काम की!" पुढच्या घरी मी डॉक्टर असल्याचं बोललेच नाही. तिथल्या काकूंनी माझ्या मागे जिन्यात डोकावून बघितलं. "एकट्याच? न्हाय ओ, एकट्या बाईला आमी देत न्हाय." खाली उतरताना एजंट वैतागून म्हणाला, "मॅडम, डॉक्टर हायसा म्हणून घर मिळतंय आनि डॉक्टर हायसा म्हणूनच म्हाग पडतंय. आता मी काय करू, सांगा."

माझ्या कामात अंतराला किंमत असते. म्हणून प्रत्येक घरापासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचा वेळ मी दुचाकीवरून मोजला: सकाळी शाळा भरताना, संध्याकाळी सहाला आणि रविवारी फुटबॉलची मॅच सुटल्यावर. शहराबाहेरच्या नव्या इमारतींत भाडं कमी आहे, पण तिथून पंचवीस मिनिटं लागतात. बाळाचे ठोके कमी होऊ लागले आणि सिझेरियन करायचं ठरलं तर पंचवीस मिनिटं मला चालत नाहीत. ते का चालत नाहीत हे तुला सांगायला नको.

रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर वयस्कर आणि सभ्य आहेत. ते म्हणाले, "अहो, घरं कसली शोधताय? वर खोली रिकामी आहे. आपलं घरच समजा." खोली दाखवायला मॅनेजर आले. त्यांनी कौतुकाने सांगितलं की आधीचे भूलतज्ज्ञ तिथे सहा वर्षं राहिले आणि कधीही फोन केला तरी दोन मिनिटांत खाली हजर असायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा? "सुट्टी कसली मॅडम, जातोय कुठं माणूस? वरच तर असायचे." खोली चांगली होती. पलंग, कपाट, पश्चिमेकडची मोठी खिडकी. पलंगाच्या उशाशी, हात लांबवला की पोचेल अशा उंचीवर, भिंतीत इंटरकॉम बसवलेला होता. मी त्याला हात लावला नाही.

आपल्या खोलीत घंटा दाराच्या वर होती. स्टीलची वाटी आणि तिच्यावर आपटणारी लहानशी हातोडी. बटण खाली प्रसूतिगृहात, टेबलाजवळ. बाबा गेल्यावर नेसरीहून तू मला इथे कोल्हापुरात घेऊन आलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी तुला सिस्टरचं काम दिलं आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूची वरची खोली दिली, फुकट. गावाकडून कुणी आलं की तू त्यांना नळ दाखवायचीस, फरशी दाखवायचीस आणि म्हणायचीस, "डॉक्टर देवमाणूस हायत." तू तव्यावर भाकरी टाकतेस, घंटा वाजते. तू तवा खाली उतरवतेस, पदराला हात पुसतेस आणि जातेस. सातव्या वर्षी मला भाकरी उलटता येत होती, कारण कुणीतरी ती उलटायलाच हवी होती. तुझं ताट आठवायला गेले की मला ताट दिसत नाही. त्याच्यावर पालथं घातलेलं दुसरं ताट दिसतं.

मी अकरा वर्षांची आहे. रविवारची दुपार आहे आणि तू कुळथाची शेंगोळी केली आहेस. ती गार झाली की चिकट होते. तू मोरीत हात धुतेस तेवढ्यात मी स्टुलावर चढते आणि हातोडी व वाटीच्या मध्ये कापसाचा बोळा घट्ट कोंबते. कापूस दवाखान्याचाच. मग आपण जेवायला बसतो. तू दोनदा वाढून घेतेस. शेंगोळीचा एक तुकडा बोटात धरून हसत म्हणतेस, "हे वळवळतंय बग गांडुळागत." मी घड्याळाकडे बघत राहते. अठरा मिनिटं. तू हात चाटत म्हणतेस, "आज बरं हाय. कोन अडल्यालं न्हाय." आणि दारात डॉक्टर उभे राहतात, जिना चढून धापा टाकत. ते ओरडत नाहीत. "सिस्टर, घंटा ऐकू आली नाही?" तू वर बघतेस, मग माझ्याकडे बघतेस. "चुकलं डॉक्टर. बिघडलीया वाटतं." आणि उष्ट्या हातानेच खाली धावतेस.

दिवेलागणीला तू परत आलीस. स्टुलावर चढून बोळा काढलास, माझ्या हातावर ठेवलास आणि माझी मूठ मिटवलीस. "पोरगी झाली. बरी हाय. न्हायतर काय केलं असतंस, सांग." तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "आपन भाडं देत न्हाय, बाळ. घंटा ऐकतो, त्येच आपलं भाडं."

घंटेबद्दल तू बरोबर होतीस. खाली अडलेली बाई असताना अठरा मिनिटांत काय काय होऊ शकतं हे आज मला तुझ्यापेक्षा जास्त अचूक माहीत आहे, आणि ते कळल्यावर एक आठवडा मला नीट जेवता आलं नव्हतं. भाड्याबद्दल मात्र तू चुकत होतीस. भाडं महिन्यातून एकदा देतात. दिलं की महिनाभर दार लावून बसता येतं. तू ते रोज देत होतीस, आंघोळ अर्धी टाकून, ताप अंगावर काढून, माझ्या शाळेचं गॅदरिंग सोडून. आणि एवढं देऊन ती खोली तुझी कधी झाली? तू गेलीस तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी खोली रिकामी करायला आले. डॉक्टर वाईट वागले नाहीत. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांब म्हटलं होतं. पण नवी सिस्टर वळकटी घेऊन जिन्यात उभी होती, ओशाळून, "सावकाश आवरा ताई" म्हणत. एक ट्रंक, दोन पोती. एक तास दहा मिनिटं. मी आवरत असताना घंटा दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा ती खाली गेली. होस्टेलवर परतल्यावर एक फॉर्म भरायचा होता. त्यात "कायमचा पत्ता" असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला. कारकून म्हणाला काहीतरी लिहा. मी म्हणाले, काहीतरी लिहिणार नाही.

म्हणून मी वरच्या खोलीला नको म्हटलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मुख्य डॉक्टरांनी बोलावून विचारलं, "मॅडम, अडचण काय आहे?" मी म्हणाले, खोलीत काही अडचण नाही. सोमवारी त्यांना पत्र दिलं; त्यात तीन वाक्यं आहेत. ज्या दिवशी माझी ड्यूटी असेल त्या दिवशी बोलावल्यापासून दहा मिनिटांत मी थिएटरमध्ये असेन. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी दुसऱ्या भूलतज्ज्ञाची सोय रुग्णालयाने करायची. खोलीच्या बदल्यात घरभाडं पगारात धरायचं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला. "पूर्वीची माणसं असं लिहून मागत नव्हती हो." मी म्हणाले, "हो. मला माहीत आहे." तुझ्याबद्दल सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तू त्यांच्यासमोर पुरावा म्हणून उभी राहिलेली मला चालली नसती.

बारावं घर मिळालं. शिवाजी पेठेत, एका पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्या. गिरणीवाल्या मावशींच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं. "एकट्याच?" हो. "नवरा?" नाही. "मग भाडं कोन देनार?" मी. "मग बाकीचं इचारून मला काय करायचंय?" मी आपणहून सांगितलं की मी डॉक्टर आहे, काय होतं ते बघू म्हटलं. त्यांनी लगेच हात पुढे केला. "मग माझी साखर बगा." मी म्हणाले, मी भूल देते, साखरेसाठी दुसरे डॉक्टर. "म्हंजे नुसतं झोपवायचं? आमची मामंजी बसल्या जागी झोपायची, त्येनला डॉक्टर लागला न्हाय." मग मी भाडं विचारलं. त्यांनी एजंटाला सांगितलेलाच आकडा सांगितला. मी पुन्हा म्हणाले, मी डॉक्टर आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "डॉक्टरबी आमच्याच गिरणीचं पीठ खातात न्हवं? मग भाडं तेच." भाडं कमी नाही, आई. पगारात बसतं आणि वर थोडं उरतं. थिएटरपर्यंत सात मिनिटं, मॅच सुटल्यावर नऊ. रविवारी टोकन दिलं. शुक्रवारी उत्तर काहीही येवो, घर मी सोडणार नाही. ही नोकरी गेली तर या शहरात भूल लागणारी थिएटरं आणखी आहेत.

टोकन देऊन खाली आले तेव्हा ती गल्ली मी ओळखली. मी नऊ वर्षांची असताना तू मला तिथे एक खोली बघायला घेऊन गेली होतीस. तालमीच्या मागची, निळ्या दाराची. दार आता हिरवं आहे. तू खिडकी उघडलीस, मिटलीस, परत उघडलीस. चूल कुठे मांडायची ते मला दाखवलंस. भाडं किती ते बाहेर जाऊन विचारलंस, मला ऐकू आलं नाही. परत येताना म्हणालीस, "लांब पडतंय." मी ते अनेक वर्षं खरं धरलं. परवा त्या दारापासून आपल्या जुन्या दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, माझ्या चालीने, मध्ये एकदा थांबून. अकरा मिनिटं. तू माझ्यापेक्षा भरभर चालायचीस.

लांब पडत नव्हतं. मग का घेतली नाहीस? भाडं झेपत नव्हतं, की डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून, की अकरा मिनिटांत खाली एखादी बाई दगावेल म्हणून? यातलं पहिलं असेल तर मला राग नाही. दुसरं असेल तर आहे. तिसरं असेल तर मला माझ्या पत्रातलं दुसरं वाक्य पुन्हा वाचावं लागेल.

एक कबूल करते. नव्या घराच्या दाराला बेल होती, ती मी इलेक्ट्रिशियनला सांगून काढून घेतली. मावशींना सांगितलं, दार वाजवा. आणि त्या अठरा मिनिटांची मला लाज वाटायला हवी हे कळतं, पण तू दोनदा वाढून घेतलंस हे आठवलं की वाटत नाही.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. तो कधीच नव्हता. तरी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत उत्तर दे.