खिडकीखालची रविवारची जागा

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच, उरलेला नमस्कार समक्ष). तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? झोप लागते का? चिरंजीव आणि सूनबाई वेळच्या वेळी चहा देतात, की तुमच्या साखरेचं निमित्त करून अर्ध्या कपावर भागवतात? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणता आणि ठेवून देता. पत्रात निदान माझं बोलणं मध्येच तुटत नाही. आम्ही दोघं ठीक. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम चालू आहे. हल्ली मशिनी कमी येतात, आणि येतात त्या माझ्यासारख्याच जुन्या, हात लावला की कुरकुरणाऱ्या. ही तुमची रोज आठवण काढते (मीही काढतो, पण मनातल्या मनात, कारण मोठ्याने काढली की ही रडते आणि मग चहा राहतो).

तर बातमी अशी की आपल्या गल्लीत आता परवान्याचं पार्किंग झालं. रस्त्यावर पांढरे चौकोन आखायचे, आणि ज्याच्याकडे परवाना त्यानेच तिथे गाडी लावायची. घोळ सुरू झाला समोर दाताचे डॉक्टर राहायला आले तेव्हापासून. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, ते ताई गेल्यानंतर आले. त्यांचे पेशंट गाल धरून येतात आणि दिसेल तिथे गाडी सोडून वर पळतात. आता दुखऱ्या दाताच्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी तक्रारी झाल्या आणि पालिकेने ठरवलं की रहिवाशांचं मत घ्यायचं. अहो, रस्ता खणताना यांनी विचारलं नाही, खणलेला तसाच टाकून गेले तेव्हा विचारलं नाही, त्यामुळे आता विचारणार म्हटल्यावर गल्लीला जो काही भाव चढला! मुख्याध्यापिकाबाईंच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. (बाई निवृत्त झाल्या, पण टेबलावरची घंटा काही निवृत्त झालेली नाही.) गंमत म्हणजे ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते गप्प, आणि ज्यांच्याकडे नाहीत तेच तावातावाने बोलत होते. लाँड्रीवाल्याकडे सायकल आहे. त्याने दोन चौकोन मागितले, एक सायकलला आणि एक पुढेमागे गाडी घेतलीच तर. मीही घसा कोरडा होईपर्यंत बोललो. माझ्याकडे सायकलही नाही, दाजी. माझ्याकडे खुर्ची आहे.

ती खुर्ची तुम्हाला माहीत आहे. वेताची, बसायला वेत न उरलेली, जिच्यावर बसायचं धाडस फक्त मांजरं करायची. ताईला कोपऱ्यापासून चालत येणं जड जायला लागलं, तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी ती खिडकीखाली रस्त्यावर मांडून जागा धरायचो. तुम्ही वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचात, मी चप्पल शोधत खाली पळायचो, खुर्ची उचलायचो, आणि तुम्ही काच खाली करून ओरडायचात की बाजूला हो, चेंगरशील. ताई आतून हसायची. उतरली की आधी खुर्चीकडे बघून म्हणायची, अरे, हिला एकदा विणून तरी घे. आणि मी दर वेळी म्हणायचो, घेतो की.

ताई गेली आणि तुमचं येणं थांबलं. मला बहीण एकच होती, पण माणसं मात्र दोन कमी झाली. मी काही म्हणत नाही. या घरात तिच्याशिवाय पाऊल टाकणं तुम्हाला जमत नसेल, तर ते मला कळतं. मलासुद्धा रविवारी आत-बाहेर करवत नाही. पण हात ऐकत नाही हो. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सवयीने खुर्ची खाली नेली, मांडली, आणि मग लक्षात आलं. उचलून परत आणायची तर गल्ली बघत होती. म्हणून तशीच राहू दिली, संध्याकाळी आणली. पुढच्या रविवारी पुन्हा नेली. हिने आधी डोक्याला हात लावला, मग एके दिवशी बघतो तर हीच शनिवारी तिच्यावरची धूळ पुसत होती. वर्ष होऊन गेलं. डॉक्टरांचे पेशंट खुर्चीवरून माझ्याशी वाद घालतात, आणि मी त्यांना सांगतो की पाहुणे यायचेत.

सभेनंतर पालिकेच्या बाई घरोघर फिरल्या. हातात गल्लीचा नकाशा, गळ्यात मोजपट्टी, चेहऱ्यावर सकाळपासून ऐकलेल्या सगळ्या मतांचा शीण. गाडी आहे का? नाही. नेहमी येणारे पाहुणे आहेत का? (पाहुण्यांसाठी ठरावीक वारी राखीव जागा मिळते म्हणे.) आणि दाजी, माझ्या तोंडून निघून गेलं, आहेत ना, आमची ताई आणि दाजी. दर रविवारी येतात. आत हिच्या हातून झाकण पडलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, शेजाऱ्यांना विचारून खात्री करते. ताईच्या अंत्ययात्रेला अख्खी गल्ली होती. मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहून ऐकत होतो. लाँड्रीवाला म्हणाला, येतात की! परवाच ताईंनी इस्त्रीला साडी टाकली. (या माणसाला खोटंसुद्धा मापात बोलता येत नाही.) मुख्याध्यापिकाबाईंनी जन्मात कोणाला कॉपी करू दिली नाही. त्या म्हणाल्या, या पाहुण्यांच्या हॉर्नने माझी झोपमोड होते, तेवढी तक्रार लिहून घ्या. मग पालिकेच्या बाई डॉक्टरांकडे वळल्या, आणि मी डोळे मिटून घेतले. त्यांनी ताईला कधी पाहिलंच नाही, आणि खुर्चीपायी त्यांचे पेशंट माझ्याशी भांडतात. डॉक्टरांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, मी आल्यापासून बघतोय, दर रविवारी यांच्यासाठी जागा धरलेली असते. मी पडद्यातच तोंड पुसलं.

आणि जागा मिळाली! खिडकीखाली पांढराशुभ्र चौकोन आखला, वर लिहिलं ‘पाहुणे, रविवार’. तुमच्या गाडीचा नंबर मला पाठ, तो मी घडाघडा सांगितला, त्या नंबरचा परवानाही आला. पण नशीब बघा. परवान्यामागे नियम छापलाय की राखीव चौकोनात गाडीशिवाय दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये. म्हणजे जागा मिळाली आणि खुर्ची गेली. गेल्या रविवारी मी खिडकीत बसलो. डॉक्टरांचे पेशंट आले, चौकोनातली अक्षरं वाचून शहाण्यासारखे पुढे गेले. चौकोन दिवसभर मोकळा. इतके दिवस तिथे खुर्ची असायची, त्यामुळे कोणीतरी यायचं आहे असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की कोणी यायचं नाहीये. खूप रडलो, दाजी. ही बाजूला येऊन बसली आणि चहा खरंच राहिला.

असो. गुडघ्याला जपा. सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा (अजूनही)
धाकटा मेव्हणा

ता. क. परवाना सोबत जोडला आहे, काचेला डावीकडे लावायचा असतो. येत्या रविवारी पालिकेच्या बाई तपासणीला येणार आहेत. गाडी दिसली नाही तर लाँड्रीवाला, मुख्याध्यापिकाबाई आणि डॉक्टर, तिघंही खोटे पडतील. तेव्हा केवळ गल्लीच्या अब्रूखातर एकदा यावं.

ता. क. पुन्हा. ही म्हणते, निदान त्यांच्याशी तरी खरं बोला. तपासणी-बिपासणी काही नाही. तुम्ही नुसतेच या.

ता. क. शेवटचा. पाकीट डकवत होतो तेवढ्यात तुमच्या चिरंजीवांचा फोन आला. शेजारची सीट रिकामी बघवेना म्हणून तुम्ही गाडी कधीच विकलीत म्हणे. मला बोलला नाहीत. (म्हणजे आता ती गाडी ज्याने घेतली, तो सरकारदरबारी आमचा दर रविवारचा पाहुणा.) काही हरकत नाही, बसने या. खुर्ची मी विणून घेतली आहे, ताईला सांगायचं राहिलं. रविवारी ती चौकोनात मांडणार, दंड होईल तो होऊ दे. तुम्ही फक्त वळणावर आलात की तोंडाने दोनदा हॉर्न वाजवा. मी चप्पल पायात घालूनच बसलेला असेन.