आधीच घडवलेला त्रिशूळ

आई, आज सकाळी गल्लीतून महादेवाला जाणारी मंडळी गेली. खांद्यावर त्रिशूळ, टोकांना लिंबं खोचलेली, अन् तोच तो हर हर महादेवाचा ओरडा. मी मेथी निवडत होते, ती तशीच राहिली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माघ आला की तुझ्याशी बोलावंसं वाटतं, आणि जे बोलायचं तेच नेमकं बोलता येत नाही.

बाबा पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले, गांधीबागेतली कापडाच्या दुकानातली नोकरी सुटली, तेव्हा तू पचमढीच्या महादेवाला नवस बोललीस: हे उठून चालायला लागले तर त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढीन. रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती. काम झाल्याशिवाय त्रिशूळ घडवायचा नाही, देवाला घाई दाखवायची नाही. आणि मी नेमकी तीच रीत मोडली. पौषात डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, महिना निघाला तरी खूप. मी कचेरीत टायपिस्ट, दिवसभर साहेबांची पत्रं फडाफडा टाइप करणारी, पण हे एक वाक्य मला घरी आणता येईना. तू स्टोपुढे बसून त्यांची पेज ढवळत होतीस. "काय म्हणे वं डॉक्टर?" मी म्हटलं, "आराम पडते म्हणे." दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तशीच लकडगंजात लोहाराकडे गेले अन् त्रिशूळ घडवून आणला. बाबांना तो निदान एकदा पाहता यावा, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काय होतं गं माझ्या हातात?

बाबांनी पडल्यापडल्या त्याच्यावरून हात फिरवला अन् हसले. "भारी आहे. तुही माय नेते काय एवढा?" आठ दिवसांनी ते गेले.

तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर तुझ्यावर तडकली. "आधीच काहून घडवला वं वहिनी? म्हणूनच नेलं त्यानं माह्या भावाले!" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "म्याच सांगतलं होतं घडवाले." झालं, तो ठपका कायमचा तुझ्या माथी. आणि मी, लाज वाटते सांगायला, पंगतीत पाणी वाढत राहिले.

वर्षभर त्रिशूळ दाराआड उभा होता. वर्षश्राद्ध उरकलं आणि शिवरात्रीला तू तो उचललास. लोक म्हणाले, नवसाचं फळच नाही, मग कशाला? तू कोणाचं ऐकतेस! मी आपली तुझ्यामागून. अर्ध्या चढावर तू धापा टाकतेस, लुगड्याची घडी त्रिशूळाखाली घेतलीस तरी खांदा सोलून निघालाय, मला हात लावू देत नाहीस. माझा संताप संताप होतो. भरगर्दीत मी ओरडते, "कशाले नेऊन राहिली? गेले ना बाबा! काय दिलं त्यानं आपल्याले?"

तू दगडावर टेकलीस. पाण्याचा घोट घेतलास. चिडली नाहीस, तेच मला सोसलं नाही. "तुह्यासाठी नेऊन राहिली. म्या तर मनातून भेली होती. भरोसा होता तो तुले. तुनं आधीच घडवून आणला. पोरीचा भरोसा दाराआड गंजत ठेवू काय?"

आई, तेव्हाच सांगायला हवं होतं. माझा कसला आलाय भरोसा! बाबा जाणार हे माहीत होतं म्हणून मी लोहाराकडे धावले होते. पण मी "हो" म्हटलं आणि तुझी पिशवी घेतली.

वर हजारो त्रिशूळांच्या गर्दीत तू आपला रोवलास. मला म्हणालीस, "माग काही." मी देव न मानणारी, तरी हात जोडले. मागितलं एवढंच की हिला हे कधी कळू नये.

तेवढं त्यानं दिलं. तू जाईपर्यंत माझ्या भरोशाचं कौतुक शेजारीपाजारी सांगत राहिलीस, मी खाली मान घालून ऐकत राहिले. म्हणून हे पत्र मी कोणालाच दाखवणार नाही, पेटीत तुझ्या लुगड्याखाली ठेवून देते. आता माझे गुडघे जिनासुद्धा चढू देत नाहीत. माझ्या त्या मागण्याचा त्रिशूळ मी अजून नेलेला नाही.